मल्चिंग पेपरच्या टोमॅटोत तणनाशक मारू का?

जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. उसाचा खोडवा मोडून एक एकर टोमॅटो लावला. बेड पाच फुटी, त्यावर तण दाबायला अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर चार फुटी सिल्व्हर-ब्लॅक, 25 मायक्रॉनचा. लागवडीला तीन आठवडे होत आले. सरीत घोळ, केना आणि माठ माजलाय, बेडवर लव्हाळ्याने पेपर फोडलाय. दुकानदाराने ग्लायफोसेट आणि टू-फोर-डी ही दोन तणनाशकं एकत्र करून सरीत मारायला सांगितलं, म्हणाला, ‘मुळं पेपरखाली आहेत, काही होत नाही.’ कडेच्या दोन सऱ्यांत मारून पाहिलं, तर चार-पाच दिवसांत त्या ओळींचे शेंडे वळायला लागले. हा व्हायरस आहे की औषधाचा परिणाम? आणि उरलेल्या सऱ्यांत मारायचं की नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आजच हवं आहे. मारू नका. पंपात ते मिश्रण उरलं असेल तर त्या पंपाने टोमॅटोवर दुसरं काहीही फवारू नका, बुरशीनाशकसुद्धा नाही.

आता शेंडे. व्हायरस आणि टू-फोर-डी यांत गल्लत होते, कारण दोन्हींत शेंडा वळतो आणि पान बिघडतं. पण शेतात उभं राहून नीट पाहिलं तर फरक कळतो. पांढरी माशी व्हायरस पसरवते तेव्हा रोगट झाडं शेतभर विखुरलेली दिसतात, एक इथे, चार सोडून दुसरं तिथे, आणि त्यांची संख्या दिवसागणिक वाढते. तणनाशकाची झाडं एकाच वेळी, एकाच बाजूला बिघडतात. जिथे मारलं तिथे सगळ्यात जास्त, आत जाल तसं कमी. पान अरुंद होतं, शिरा एकमेकींजवळ येऊन समांतर दिसतात, देठाला पीळ पडतो. तरीही खात्री होत नसेल तर टोमॅटो सोडून बांधावरच्या गाजरगवताकडे आणि कडेच्या माठाकडे बघा. त्यांचेही शेंडे पिळवटले असतील तर तो व्हायरस नाही. टोमॅटोचा व्हायरस घोळ, माठ आणि गाजरगवत या तिघांना एकाच आठवड्यात धरत नाही. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून हा टू-फोर-डीचाच झटका आहे.

त्या ओळींचं काय करायचं? फक्त शेंडा किंचित वळलाय आणि खालची पानं ठीक आहेत अशी झाडं दहा-बारा दिवस तशीच ठेवा. पाणी नेहमीसारखं द्या, नत्र वाढवू नका. टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका, टू-फोर-डीवर उतारा म्हणून विकलं जाणारं काहीही मला आजवर पटलेलं नाही. नवीन फुटवा सरळ आला तर झाड सावरलं. ज्यांचं खोड चिरलंय, वळून कडक झालंय, ती उपटा. तीन आठवड्यांच्या प्लॉटमध्ये नांगी भरायला, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपं लावायला, अजून वेळ आहे. ग्लायफोसेट लागलं असेल तर ते जरा उशिरा दिसतं. कोवळी पानं बुडाशी पिवळी-पांढरी पडतात आणि वाढ थांबते. अशी झाडं ठेवण्यात अर्थ नाही.

आता दुकानदाराच्या वाक्याकडे येतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. ‘मुळं पेपरखाली आहेत’ हे खरं आहे. पण मुळं पेपरखाली असतात म्हणूनच मल्चिंगमध्ये तणनाशक जास्त जपून वापरावं लागतं. उघड्या रानात औषध मातीवर पडतं आणि माती त्याला धरून ठेवते. ग्लायफोसेटला तर माती इतकी घट्ट धरते की मुळांतून ते पिकाला जवळजवळ लागतच नाही. प्लास्टिक काहीच धरून ठेवत नाही. पेपरवर पडलेला थेंब वाळतो आणि तिथेच राहतो. मग मार्च-एप्रिलमध्ये वळवाचा एक झोडपा आला की बेडवरचं पाणी उतार शोधत सर्वात जवळच्या होलात उतरतं. मातीबाहेर दिसणाऱ्या अख्ख्या तीन फूट पेपरवरचं औषध त्या दोन-तीन इंचाच्या भोकात, रोपाच्या कोवळ्या हिरव्या खोडाशी गोळा होतं. ग्लायफोसेट पाण्यात सहज विरघळतं आणि हिरवं खोड ते शोषून घेतं. त्यात टू-फोर-डीचा एस्टर, म्हणजे वाफ होऊन उडणारा प्रकार, असेल तर पावसाचीही वाट बघावी लागत नाही. दुपारी तापलेल्या रानातून त्याची वाफ उठते आणि टोमॅटोला, द्राक्षाला, कपाशीला ती अगदी थोडी पुरते. शेजाऱ्याच्या उसात मारलेल्या टू-फोर-डीने टोमॅटो वळल्याच्या तक्रारी आपल्या भागात दर हंगामात येतात. इथे तर तुम्ही ते स्वतःच्याच सरीत मारलंत.

कायद्याची बाजूही सांगतो, कारण दुकानात ती कोणी सांगत नाही. आपल्याकडे ग्लायफोसेटची शिफारस चहाच्या मळ्यासाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी आहे, भाजीसाठी नाही. 21 ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेने तर ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरावं असं म्हटलं. टू-फोर-डी टोमॅटोच्या लेबलवर असण्याचा प्रश्नच नाही. पॅराक्वाट या आणखी एका तणनाशकाच्या लेबलवर बरीच पिकं आहेत, टोमॅटो त्यात नाही. शिवाय पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. कुठलंही तणनाशक पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून गोठ्यात ठेवण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. मूळ डब्यात, कुलपात, मुलांच्या हाताला न लागेल असं ठेवा.

मग मल्चिंगमध्ये तणनाशकाला जागाच नाही का? आहे, पण ती पेपर अंथरण्याच्या आधी. पेपर अंथरला, होल पाडली, रोप लावलं, की रसायनाचे बहुतेक मार्ग बंद होतात आणि खुरपं, पाचट, कापणी एवढंच हातात उरतं. हे गणित उलटं धरल्यामुळे लोक अडकतात. आधी काहीच करत नाहीत आणि तण गुडघ्याला लागलं की दुकानात जातात.

मल्चिंगमध्ये होलात, सरीत आणि पेपर फोडून असं तीन जागी तण येतं. तिघांचे इलाज वेगळे आहेत.

होलातलं तण म्हणजे घोळ, माठ, गवताची दोन-चार पाती. होल जेवढं मोठं तेवढं हे जास्त. तापवलेल्या पाईपने किंवा होल मशीनने दोन-तीन इंचाचं भोक पुरतं, पण घाईत ब्लेडने फुली मारून पेपर फाडणारे बरेच आहेत. तिथे दोन महिने तण उपटत बसावं लागतं. रोप लावल्यावर होलाच्या कडा मातीने झाकून घ्या. तण कमी येतंच, शिवाय पेपरखालची गरम हवा भोकातून भसकन बाहेर येऊन खोडाला चटका देत नाही. आलेलं तण दोन-तीन पानांचं असताना ठिबक दिल्यानंतर, एका हाताने टोमॅटोचं खोड दाबून धरून दुसऱ्या हाताने काढा. मोठं होऊ दिलं तर त्याच्याबरोबर टोमॅटोची मुळंही येतात.

सरीबाबत आधी एक हिशेब करा, कारण डोस चुकतो तो इथेच. चार फुटी पेपरच्या दोन्ही कडा अर्धा-अर्धा फूट मातीत दाबल्या की तीन फूट दिसतो. पाच फुटांतले तीन गेले, सरी उरली दोन फूट. म्हणजे तुमच्या 40 गुंठ्यांपैकी तणनाशकाची जमीन फक्त 16 गुंठे. लेबलवर एकरी 1.3 लिटर लिहिलं असेल तर तुमच्या प्लॉटला 520 मिली लागतं. लोक एकराचं औषध विकत घेतात आणि एकराचं संपवतात, म्हणजे सरीत अडीचपट डोस पडतो. पाण्याचंही तसंच. पाच फुटी बेडला एकरात साधारण 2,650 मीटर सरी निघते. पंपात मोजून स्वच्छ पाणी घ्या, 100 मीटर सरी नेहमीच्या चालीने चाला आणि किती गेलं ते बघा. चार लिटर गेलं तर सगळ्या सऱ्यांना 106 लिटर. मग त्या 106 लिटरमध्ये ते 520 मिली बसवा. इतकं सोपं आहे, तरी करत कोणी नाही.

सरीत मारण्याची योग्य वेळ म्हणजे बेड ओढून झाल्यावर, पेपरच्या आधी, ओल्या मातीवर. तण उगवण्यापूर्वी मारायचं पेंडिमिथॅलिनसारखं औषध मातीत वरच्या थरातच चिकटून बसतं, कारण ते पाण्यात फारच कमी विरघळतं, लिटरला मिलीग्रॅमच्या एक-तृतीयांशाइतकं. म्हणून ते फारसं खाली जात नाही. तुमच्या पिकाचं नाव त्या उत्पादनाच्या लेबलवर आहे का ते मात्र बाटली हातात घेऊनच बघा. त्याच कंपनीच्या दोन फॉर्म्युलेशनमध्येही पिकांची यादी वेगळी असते.

बेडवर, म्हणजे पेपरखाली मारायचं का, हा प्रश्न नेहमी येतो. काळा पेपर घोळ-माठासारखं बियांचं तण अंधारात मारतोच, मग खाली औषध घालून काय साधतं? फार तर होलाभोवतीचं तण कमी होतं. त्या बदल्यात जोखीम वाढते. उघड्यावर ऊन आणि वारा औषध कमी करत असतात. पेपरखाली ऊन पोचत नाही, वाफ उडून जात नाही, त्यामुळे ते जास्त दिवस टिकतं. पेंडिमिथॅलिन जास्त झालं की रोपाचं खोड जमिनीलगत सुजतं, ठिसूळ होतं आणि बांधणीच्या आधीच वाऱ्याने तिथे मोडतं. ऑक्सिफ्लोरफेन पेपरखाली कोंडलं तर तापल्यावर ते वाफेबरोबर होलातून वर येतं आणि खालच्या पानांवर भाजल्यासारखे डाग पडतात. मेट्रिब्युझिनची गोष्ट आणखी वेगळी. ते पाण्यात लिटरला ग्रॅमभर विरघळतं, म्हणजे ठिबकच्या पाण्याबरोबर थेट मुळांकडे जातं, हलक्या मुरमाड जमिनीत तर जास्तच. टोमॅटो ते बऱ्यापैकी सोसतो, पण नुकतंच लावलेलं रोप आणि दोन-तीन दिवसांचं ढगाळ वातावरण एकत्र आलं की तोही सोसत नाही. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. मिरची आणि ढोबळीला ते चालत नाही, काकडी-कलिंगडाला तर अजिबात नाही. टोमॅटोला चाललं म्हणून शेजारच्या मिरचीला तोच पंप नेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तरी कुणाला बेडवर मारायचंच असेल तर लेबलवरचा कमी डोस, ओल्या मातीवर, मग लॅटरल (ठिबकची नळी), मग ताणून पेपर. नंतर ठिबक चालवून काही दिवस जाऊ द्या आणि रोप लावताना वरची औषधाची माती होलात ढकलू नका. रोपाचा गड्डा त्या थराच्या खाली बसायला हवा. माझं मत विचाराल तर पेपर सैल, होल मोठं आणि खाली औषध यापेक्षा पेपर घट्ट, होल लहान आणि खाली काहीच नाही, हे कधीही बरं.

त्याऐवजी एक काम करा. बेड तयार झाले की पेपर लगेच अंथरू नका. ठिबक चालवून तण उगवू द्या. आठ-दहा दिवसांत बेड हिरवा होतो. मग हलकी कोळपणी करून ते काढा, माती खोल उलथू नका, नाहीतर खालचं नवं बी वर येतं. त्यावर पेपर टाका. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात रान मोकळं असतं त्यांनी एप्रिल-मेमध्ये भरपूर पाणी देऊन 25 मायक्रॉनचा पारदर्शक कागद चार ते सहा आठवडे कडा दाबून घट्ट लावून ठेवावा. वरच्या थरातलं बरंच बी उष्णतेने मरतं. काळा कागद त्या कामाचा नाही, तो माती तितकी तापू देत नाही.

आज तुमच्या सरीत जे उभं आहे त्याला खुरपणी, दुसरा शहाणा उपाय नाही. 16 गुंठ्यांची खुरपणी आहे, एकराची नाही, हे मजूर ठरवताना लक्षात घ्या. खुरपणीनंतर लगेच सरी झाका. तुमच्याकडे उसाचा खोडवा होता, पाचट कुठेतरी पडलंच असेल. चार-पाच इंच थर दिला तर नवं तण फार थोडं येतं, फवारणीला चिखल होत नाही, पावसाच्या थेंबाबरोबर माती उडून खालच्या पानांवर करपा येण्याचं प्रमाणही कमी होतं. ब्रशकटर वापरणार असाल तर तारेऐवजी बारीक दोरी लावा आणि पेपरची कड जपा. एकदा कड फाटली की वारा आत शिरतो आणि आठवड्यात पेपर फडफडायला लागतो.

लव्हाळा हा वेगळा प्रकार आहे. बाकीचं तण अंधारात मरतं, हा मरत नाही. त्याचा कोंब जमिनीखालून टोकदार सुईसारखा येतो आणि उजेड दिसेपर्यंत पान उघडत नाही. काळ्या पेपरखाली उजेड नाही, म्हणून तो टोक तसंच ठेवून पेपर फोडतो आणि वर आल्यावर पान पसरतो. 25 काय आणि 30 मायक्रॉन काय, दोन्हीला भोक पाडतो. गंमत अशी की पारदर्शक कागदाखाली त्याला खालीच उजेड दिसतो, पान तिथेच उघडतं आणि भाजतं. पण जमिनीतल्या गाठी सगळ्या मरत नाहीत, म्हणून त्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नका.

आलेला लव्हाळा हाताने ओढलात तर बुडाशी तुटतो, गाठ खाली राहते आणि पेपरचं भोक मोठं होतं. त्याऐवजी पेपरलगत कात्रीने कापत राहा, आठ-दहा दिवसांनी एकदा. गाठीतला साठा दरवेळी थोडा थोडा खर्च होतो. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. तुमचा टोमॅटो दीड महिन्याचा होऊन बेड झाकेपर्यंत हे केलं की पुढे तो आपोआप मागे पडतो. हॅलोसल्फ्युरॉन या तणनाशकाने तो मरतो, उसात लोक ते वापरतात, पण टोमॅटो उभा असताना ते इथे आणू नका.

लव्हाळ्याचा खरा बंदोबस्त पुढच्या उन्हाळ्यात. ज्या रानात लव्हाळा आहे तिथे रोटाव्हेटर घालू नका. गाठींची माळ तुटते, एकेक गाठ सुटी होते आणि सुटी झाली की फुटते. रोटाव्हेटरच्या दात्यांना अडकून ती शेजारच्या रानातही जाते. एप्रिलमध्ये नांगराने उलटी नांगरट करा, गाठी उन्हात वाळू द्या, कल्टिव्हेटर फिरवून वर आलेल्या वेचून बाहेर काढा आणि मधे पाणी देऊ नका. पावसाळ्यात त्यावर दाट ताग घ्या. ताग त्याला सावलीत दाबतो आणि फुलोऱ्याच्या आधी गाडला की रानाला खतही मिळतं.

फवारणीबद्दल थोडं. तणनाशकासाठी एचटीपीची (जास्त दाबाच्या पंपाची) गन कधीही वापरू नका. तिचा दाब इतका असतो की धुकं तयार होतं आणि तीन ओळी पलीकडे जातं. बॅटरी पंप, कमी दाब, फ्लॅट फॅन किंवा फ्लडजेट नोझल, वर हूड (फवारा उडू न देणारं झाकण) आणि नोझल जमिनीच्या जवळ. सकाळी, वारा नसताना. मारत पुढे चाललात तर ओल्या गवतातून पोटऱ्या भिजतात, म्हणून गमबूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, मास्क आणि चष्मा हवा. अंगावर सांडलं तर ‘सरी संपवून धुतो’ असं म्हणू नका, लगेच साबणाने धुवा. ज्या दिवशी सरीत मारलं त्या दिवशी बांधणीच्या बायका प्लॉटमध्ये आणू नका. त्या सरीत उकिडव्या बसून काम करतात, हात-पाय त्याच गवतात असतात, आणि त्यांना कोणी सांगितलेलंही नसतं. लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग बघायची सवय लावा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. ज्या पंपातून टू-फोर-डी गेलं तो नुसत्या पाण्याने साफ होत नाही. पाण्याने धुऊन, धुण्याचा सोडा घातलेलं पाणी टाकी, पाईप, गाळणी आणि नोझलमधून खेळवून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा दोन-तीन वेळा धुवा. हे करूनही तो टोमॅटोला वापरू नका, उसाला ठेवा. धुतलेलं पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नका.

शेवटी तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी. टोमॅटो संपला की त्याच पेपरवर, त्याच तार-काठीवर काकडी किंवा दोडका लावायची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती फायद्याची आहे. पण जुना टोमॅटो वाळवायला लोक वरून तणनाशक मारतात आणि पंधरा दिवसांत त्याच होलात काकडीचं बी टाकतात. पेपरवर वाळून बसलेलं औषध पहिल्या पावसात होलातच उतरणार हे वर सांगितलंच आहे. जुनी झाडं बुडाशी विळ्याने कापा, वेल वाळू द्या, मग ओढून काढा.

आणि तुमच्या रानात आधी ऊस होता. उसात ॲट्राझीन, मेट्रिब्युझिन किंवा हॅलोसल्फ्युरॉन कधी आणि किती मारलं ते आठवून लिहून ठेवा, कारण यांतली काही औषधं पुढच्या हंगामापर्यंत जमिनीत राहू शकतात आणि काकडीवर्गीय पिकं त्यांना फार नाजूक आहेत. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. प्लॉटमधल्या पाच-सहा जागांची वरची पाच-सहा इंच माती एकत्र करून दोन कुंड्या भरा, बांधावरच्या, कधीच तणनाशक न मारलेल्या मातीच्या दोन भरा, आणि चारही कुंड्यांत काकडीचं बी टाका. उन्हात ठेवा, सारखंच पाणी द्या, पंधरा-वीस दिवस बघा. पहिली खरी पानं कडेने पिवळी पडली, खुजी राहिली किंवा मुळं धुऊन पाहिल्यावर बांधावरच्या मातीतल्यांपेक्षा आखूड निघाली, तर त्या पेपरवर या हंगामात काकडी नको.